‘वरी’च्या नोंदीतलं उदाहरण

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकली असशील. हातात फोन असताना कागदावर लिहिणाऱ्या आईचं एक तर वय झालं असावं किंवा डोकं फिरलं असावं, असं तू म्हणशील. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण आधी घरच्या बातम्या. बाबांचा गुडघा बरा आहे, तक्रारी मात्र होत्या तेवढ्याच आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातला नळ स्वतःच्या हाताने दुरुस्त केला, पुढचं तू ओळखलंसच. आमचा इंग्रजी-मराठी शब्दकोश रडतखडत शेवटच्या अक्षरांपाशी आलाय आणि या वेळी माझ्या वाट्याला ‘वरी’ आला. ‘डोन्ट वरी’मधला.

हल्ली तुझा प्रत्येक मेसेज त्यावरच संपतो, म्हणून मला हसूच आलं. काळजी, चिंता, घोर. मराठीत या मालाची कधी टंचाई नव्हती, त्यामुळे काम चहाच्या आधी हातावेगळं होईल असा माझा अंदाज होता. पण आमच्या कोशात सगळ्यात जुना अर्थ आधी द्यायचा आणि आजचा शेवटी, अशी पद्धत आहे. जुन्या इंग्रजीत, हजारएक वर्षांपूर्वी, या शब्दाचा मनाशी काही संबंधच नव्हता. त्याचा अर्थ होता गळा आवळून मारणं. पुढे तो कुत्र्या-लांडग्यांच्या तोंडी गेला: मानगूट दातांत धरून हिसडे देणं. मग मेंढ्यांना पळवून पळवून बेजार करणं. त्याला इंग्रजीत आजही हाच शब्द आहे, आणि कुत्रा चावलाच पाहिजे अशी अट नाही, नुसता मागे लागला तरी पुरतं. त्यानंतर माणसाने माणसाच्या मागे भुणभुण लावणं. आणि अगदी अलीकडे, दीड-दोनशे वर्षांत, आपणच आपल्या जिवाला लावून घेतो तो घोर. मी हे ओळीने लिहून काढलं आणि मला कसंतरीच व्हायला लागलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

तुला आठवतं, लग्न ठरलं तेव्हा मी ऑफिसभर सांगत सुटले होते की पोरीला काळजी घेणारा नवरा मिळाला. कामावर सोडतो, आणायला येतो, जेवलीस का म्हणून दुपारी फोन करतो. बाबा म्हणाले होते, बाई गं, मला हे सात जन्मांत जमलं नसतं. मग तू गाडी चालवणं सोडलंस, कारण त्याच्या जिवाला घोर लागतो. मैत्रिणीच्या लग्नाला गेली नाहीस, कारण तू घरात नसलीस की त्याला झोप येत नाही. मग माझा फोन आला की तो स्पीकरवर लागायला लागला. दर वेळी तू म्हणायचीस, त्याला माझी फार काळजी वाटते गं, आणि मीही नशीब काढलंस म्हणायचे. बाबांपाशी एकदा विषय काढला तर म्हणाले, उगाच राईचा पर्वत करू नकोस. मलाही ते पटवून घ्यायचंच होतं.

तर त्या नोंदीचं पुढे असं झालं. प्रत्येक अर्थाखाली एक उदाहरण लागतं आणि ते आम्हीच रचतो. त्यातला माणूस मात्र खऱ्या आयुष्यातला कोणी नसावा, हा आमच्या मुख्य संपादकांचा दंडक. तेच ते, ज्यांना तू लहानपणी खोडरबर म्हणायचीस. एकाने सुनेवरचा राग उदाहरणात काढला होता, तो त्यांनी बरोबर पकडला होता. भुणभुण लावण्याच्या अर्थाखाली मी लिहिलं: ‘यायला उशीर का झाला, हे तो तिला त्याचं जेवण होईपर्यंत विचारत राहिला, आणि मग ती जेवलीच नाही.’ खोडरबरांनी मला बोलावून घेतलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले की बाई, हे उदाहरण नाही, ही बातमी आहे. मी म्हटलं, छे हो, रचलंय. जागेवर येऊन बसले आणि आठवलं. तू फोन ठेवायला विसरली होतीस त्या संध्याकाळी हे मी कानांनी ऐकलं होतं. त्याचा आवाज चढलेलाही नव्हता. तुझ्या ताटावर चमचा ठेवल्याचा आवाज आला आणि मी फोन बंद केला, कारण लेकीच्या घरात कान लावणं बरं नव्हे.

त्यानंतर मी तुझे मेसेज मागे जाऊन वाचले. भिंगरी, तू आईला कधी सरळ उत्तर दिलं आहेस का? कशी आहेस विचारलं तर ‘फोटोतल्यापेक्षा बरी’ म्हणणारी तू. आणि आता ‘सगळं छान आहे, तब्येतीला जपा, डोन्ट वरी.’ जपा म्हणे. मी मुद्दाम बाबांच्या नळाची बातमी पाठवली. आपल्या घरात वाढलेलं कोणीही ‘मग प्लंबर कधी आला?’ एवढंच विचारेल. उत्तर आलं, ‘अरे वा, बाबा ग्रेट आहेत.’ मी उभं आयुष्य लोकांची वाक्यं तपासण्यात घालवलंय. ते वाक्य तुझं नव्हतं. माझ्या लेकीशी बोलते समजून मी किती दिवस त्याच्याशी बोलत होते, देव जाणे.

म्हणून हा कागद. फोनवर लिहिलं असतं तर आधी त्याने वाचलं असतं, आणि घरी पाठवलं असतं तर तुला मिळालंच नसतं. तुझ्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या ताईंना दारात गाठलंय, त्याच हा कागद तुझ्या हाती देतील. त्या एवढंच म्हणाल्या, बरं झालं कोणीतरी आलं. मी लॅबच्या खालच्या मजल्यावर, दवाखान्याच्या बाकावर बसले आहे, बाबा कोपऱ्यावर गाडीत आहेत. तो तुला न्यायला यायला अजून बराच वेळ आहे. तुला ओढून न्यायला मी आलेले नाही. ओढणारं एक माणूस तुला पुरे आहे. नुसतं भेटून परत वर जायचं असेल तर तसं कर, मी उद्याही याच बाकावर असेन. पण यायचं असेल तर पर्स आणायलासुद्धा थांबू नकोस. हातांना लागलेलं साच्यांचं प्लास्टर तसंच राहू दे, जिना उतर.

खाली बसलेली, तुझीच
आई