औषध तेच आहे म्हणतात

ग्वाल्हेर, दाना ओली
८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. उषाताईस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला स्पीकरवर घेतेस आणि सुना-नातवंडांसकट सगळं इंदूर ऐकतं, म्हणून पत्र. माझ्या उदासीच्या गोळ्यांचं तुला आणि ह्यांनाच ठाऊक आहे.

दोन वर्षं त्या गोळीवर मी छान होते. ती पेन्शनीत परवडेना, म्हणून दसऱ्याआधी ह्यांनी डॉक्टरांकडून स्वस्तातली लिहून घेतली. पडाव बाजारातला औषधवाला म्हणतो, साल्ट म्हणजे आतलं औषध तेच आहे, नाव तेवढं दुसरं. पण एकदा गुलाबी देतो, एकदा पांढरी, आणि कधी स्टॉक नाही म्हणून परत पाठवतो. मला चक्कर येते. दुपारी उगाच रडू येतं. दिवाळीत करंज्या तशाच टाकून निजले, मग ह्यांनी एकट्यानं तळल्या. सगळ्या पोट फुटलेल्या.

गोळी वाईट आहे की मीच परत घसरतेय, काही उमगत नाही. सगळे म्हणतात औषध तेच आहे. मग बदललं कोण? मीच ना? गुणच येत नसेल तर गोळी बंद करावी म्हणते.

तुझी माया आहे तेवढी असू दे, कमी करू नकोस.
तुझी, पद्मा

इंदूर
१७ नोव्हेंबर

चि. सौ. पद्मास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं. सूनबाईला वाटलं माझं पोट बिघडलं.

गोळी परस्पर बंद केलीस तर माझ्याशी गाठ आहे. दोन वर्षांपूर्वी तू महिनाभर केस विंचरले नव्हतेस. ते मी विंचरलेत, विसरले नाही. आता साल्ट तेच तर त्रास का, आणि त्रास होतोय तर साल्ट तेच कसं, हे मलाही कळत नाही. पण आपण दोघींनी पत्रातून डोकं खाजवून काय उपयोग? डॉक्टरांकडे जा. चिठ्ठी, गोळ्यांची पट्टी आणि घरातल्या असतील तेवढ्या गोळ्या घेऊन जा. शरच्चंद्ररावांनाही ने, नाहीतर तिथं जाऊन बरी आहे म्हणून सांगशील.

पुढचं पत्र रडकं आलं तरी चालेल, पण येऊ दे.
उषाताई

ग्वाल्हेर
२६ नोव्हेंबर

ती. सौ. उषाताईंना सा. न.

पद्माऐवजी मी लिहितो आहे, कारण हे मीच सांगायला हवं. जुनी गोळी शंभर मिलिग्रॅमची होती आणि तिला पन्नासच हवी होती. म्हणून दर रविवारी मी अडकित्त्यानं गोळ्या दुभागून तिच्या डबीत भरत असे. नवी गोळी डॉक्टरांनी पन्नासचीच लिहिली, रोज एक पूर्ण. मी चिठ्ठी दुकानदाराला दाखवली आणि घडी करून ठेवली. वाचली नाही. रविवार आला की अडकित्ता घेऊन बसलो.

काल डॉक्टरांनी डबी टेबलावर पालथी केली. सगळे अर्धे तुकडे. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पूर्ण गोळी सुरू केली आहे, फरक पडायला काही आठवडे लागतील म्हणाले. मास्तर म्हणून मुलांना जन्मभर सांगत आलो, आधी प्रश्न नीट वाचा.

आपण मला चार शब्द सुनावलेत तर बरं वाटेल.
आपला, शरच्चंद्र

ग्वाल्हेर
१५ डिसेंबर

ती. सौ. उषाताईस सा. न.

तुझं खरमरीत पत्र ह्यांनी दोनदा वाचून जपून ठेवलंय. माझी चक्कर थांबली. रडू येतं, पण कमी. हे गोळीनं की दोष माझा नव्हता हे कळल्यानं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पहिले चार दिवस मला नुसता राग आला. इतक्या दिवसांनी राग आला, म्हणून बरंही वाटलं.

एक तुला सांगितलं नव्हतं. त्या दीड महिन्यात रोज दिवेलागणीला मी ह्यांची माफी मागत होते. तुम्ही एवढं करता आणि मला मेलीला बरं होता येत नाही, म्हणत होते. हे माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे की जाऊ दे, मी मनात काही ठेवलेलं नाही. रोज माफ करायचे गं मला.

आता तेच रोज माझी माफी मागतात. त्यांच्या डोक्यावर ठेवायला माझा हात काही उठत नाही. आणि ते खोलीतून उठून गेले की करमतही नाही. ताई, ह्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

तुझीच, पद्मा