आधी पाय गेले की आधी मार

रविवार, ९
चूक दुरुस्त करते. परवा लिहिलं होतं — दादाचा ड्रायव्हर जिन्यावरून पडला, बरगड्या मोडल्या, ताप चढला, मग व्हेंटिलेटरवर हातपाय लुळे पडले. हे मी पाहिलेलं नाही. दादाने सांगितलेलं आहे. मी पाहिलं ते एवढंच — माझ्या आयसीयूत मशीनवरचा माणूस आणि पाठीवर बुटांच्या टाचांचे व्रण. जिन्याला टाचा नसतात!

सोमवार, १०
आमच्या मोठ्या डॉक्टर, मॅडम, म्हणाल्या, "एवढा जंतुसंसर्ग झाला की नसा दुबळ्या होतात, बाई. थांबायचं."
पण चेहरा? त्याचे डोळे मिटत नाहीत. तशा दुबळेपणात चेहरा सहसा वाचतो. पाय मार बसण्याआधीच गेले असतील तर आजारच वेगळा — शरीर स्वतःच्या नसांवर उठलेलं. त्याला औषध आहे, पण ते आत्ता द्यायला हवं. खात्रीसाठी पाठीतलं पाणी तपासायचं तर सुई घालायची तिथेच जखम चिघळलेली. "आधी पाय गेले, हे कोण सांगतंय? माणूस आण," मॅडम.

मंगळवार, ११
दादाला वर्कशॉपमध्ये गाठलं. लहानपणी घरी शिकवताना आई खोटं असंच पकडायची — "आधी काय, मग काय?" मीही तेच विचारलं. दादा अजूनही तिथेच अडकतो.
"उठ म्हटलं तर उठेना! पाय हलत नाहीत म्हणे. नाटकं! दिल्या दोन लाथा."
दोन?
हातातला पाना माझ्या कानाजवळून गेला. मागची काच खळ्ळकन फुटली. "तोंड उघडलंस तर तुझेही पाय तपासावे लागतील, डॉक्टरीणबाई!"
वहिनी काचा वेचत राहिली. मान वर नाही.

बुधवार, १२
सख्खा भाऊ. शेवटी फोन केला — "दादा, औषध मिळालं तर तो बरा होईल, बोलेल. त्याआधी तूच मॅडमना खरं सांग. उद्यापर्यंत थांबते."
"बरं," म्हणाला. इतकं मऊ!

गुरुवार, १३
भेटीच्या वेळेत दादा आला. दोन मिनिटांत मशीन किंचाळलं. घशातली नळी उशीवर, ओठ निळे, डोळे सताड उघडे. छाती दाबली, शिव्या देत मीच नळी परत घातली. रक्त आलं. नाडी आली.
दादा दारात. "त्यानेच ओढली गं. मी बघितलं."
ज्याचं बोट हलत नाही त्याने!

शुक्रवार, १४
आज. सकाळच्या राऊंडला, सगळ्यांसमोर सांगितलं — पाय आधी गेले, मार नंतर बसला, मारणारा माझा भाऊ. तिथून थेट पोलीस चौकी.