सहा हसरे चेहरे

॥ श्री ॥

मद्रास, शुक्रवार, ता. ८ जून २००७
सकाळचे साडेनऊ

चि. ऊर्मीला आजीचा आशीर्वाद आणि डोक्यावरून हात.

इकडे सगळे खुशाल आहेत असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहिते. तू रविवारी संध्याकाळी श्रीपेरुंबुदूरला कारखान्यावर गेलीस त्याला आज पाच दिवस झाले. गेस्ट हाऊसचं जेवण पचतंय का? सांबार झेपत नसेल तर दहीभात मागून घे, लाजू नको. तिथली मोठी तू आहेस, तुला कोण नाही म्हणणार.

मोठी तू आहेस हे लिहिताना मला किती बरं वाटतं ते तुला कळायचं नाही. तुझ्या ऑफिसात तू मला नेलं होतंस ना, त्या दिवशी तू पांढऱ्या फळ्यापुढे उभी होतीस आणि आठ जणं खाली बसून लिहून घेत होती. त्यातला तो दाढीवाला तुला मॅम म्हणाला. मी मनात म्हटलं, अरे, हिला मी परवापरवापर्यंत वेणी घालत होते. तुझे आजोबा एकतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात होते, त्यांच्या हाताखाली कधी एक माणूस आला नाही. आले असते आज तर तुझ्या केबिनच्या दाराशी टोपी काढून उभे राहिले असते.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. उजव्या हाताला जरा लागलंय. तव्याचं, रविवारी सांगितलं होतं ते.

पण जोडाक्षरं बघ. ‘श्रीपेरुंबुदूर’ मी कोणाला न विचारता लिहिलं. दुसरीत शाळा सुटली तेव्हा ‘क्ष’ शिकायचा राहून गेला होता, तो सत्तरीला आला. तुझ्या अक्षरं शिकवायच्या यंत्रानं बावीस दिवसांत आणला. म्हणजे यंत्र चांगलं आहे. हे मी आधी लिहून ठेवते, पुढचं वाचताना विसरू नको.

नावाची तर मला अजून मजा वाटते. तू म्हणालीस पाटी, आपली लिहायची पाटी. आणि तुझी सगळी तमिळ पोरं हसायला लागली, कारण त्यांच्यात पाट्टी म्हणजे आजी. मग तेच नाव ठरलं आणि खोक्यावर चष्मा लावलेली म्हातारी काढली. ती मीच आहे असं मी आपल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलंय. आणि मराठीतला आवाज तर खरोखर माझाच. पोर चुकलं की मी आतून म्हणते, “पुन्हा बघ बाळा.” बरोबर आलं की, “शाबास गं माझी सोनी.” मुलगा असला तरी सोनीच. ते बदलायचं राहिलं, तू म्हणालीस दुसऱ्या खेपेला बदलू.

दूध उतू जातंय, येते.

साडेदहा

तुला सकाळपासून दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू म्हणालीस, “आजी, जेवले, ठेवते, आज पाच वाजता यंत्रांच्या गाड्या निघतायत, पाचनंतर मी मोकळी.” सकाळी साडेआठला कोण जेवतं? दुसऱ्यांदा तुझा फोन तुझ्या साहेबांनी, वेंकट सरांनी उचलला. त्यांनी विचारलं, “पाट्टी, काही अर्जंट आहे का?” मी म्हटलं, “नाही, परवाइल्लै, काही विशेष नाही, सहज केला.” आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काय करायला आले तेच आठवेना.

तेव्हा लिहिते. तोंडानं मला जमत नाही.

ते तव्याचं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी तुझं यंत्र वायर लावून गादीवर ठेवलं आणि पडले. डोळा लागला. जळक्या रबराचा वास आला म्हणून जागी झाले, तर यंत्राखालची चादर तपकिरी झाली होती. मी घाईनं हातात उचललं. तळव्याला चिकटलं गं. तीन बोटांच्या मुळाशी मोठा फोड आला. चादर मी धुवून घडी करून खालच्या खणात ठेवली, तू बघू नयेस म्हणून.

मला वाटलं माझीच चूक. तू कधीतरी म्हणाली होतीस की वायर लावताना टेबलावर ठेवायचं. इंग्रजी कागदात तसं लिहिलंय म्हणे. मी म्हटलं, म्हातारीनं वेंधळेपणा केला, त्याला यंत्र काय करणार.

आणि रविवारी सकाळी तू तो प्रश्नांचा कागद घेऊन बसलीस. दहा घरी दहा यंत्रं दिली होतीस, सगळ्यांकडून भरून घ्यायचा होता. ज्यांना वाचता येत नाही अशा पोरांसाठी तुम्ही त्यावर चेहरे काढले होते, हसरा, नुसता आणि रडका. सहा प्रश्न. तू मला म्हणालीस, “आजी, बाकीचे भिडेला पडतील. तुझा कागद खरा. तू मला खरं सांगशील.” सहावा प्रश्न होता, चार्जिंगला लावल्यावर कसं वाटलं.

माझा हात पदराखाली होता. डाव्या हातानं मी सहाही ठिकाणी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. तू विचारलंस, डाव्या हातानं का? मी म्हटलं, तव्याचा चटका बसलाय. तू फुंकर घातलीस आणि कागद पिशवीत टाकलास.

आदल्या आठवड्यात तू दहीभात खाता खाता रडली होतीस ना, की तारीख चुकली तर वेंकट सर हे काम बंगळूरच्या लोकांकडे देणार आणि तुझी आठ माणसं आठ दिशांना जाणार. ते डोक्यात होतं. तुझ्या कामावर रडक्या चेहऱ्याची खूण मी कोणत्या हातानं करायची?

इथवरही मी गप्प राहिले असते, खोटं कशाला बोलू.

पण बुधवारी दुपारी खालच्या सीतालक्ष्मीनं हाक मारली. तिची ती तंजावरची मराठी, निम्मी आपली निम्मी तमिळ, घाबरली की सगळी तमिळच होते. मी जिना उतरून गेले तर तिची नात रंजनी पलंगावर बसलेली, फ्रॉक वर केलेला, आणि मांडीवर माझ्या तळहाताएवढं लाल, मध्ये पाणी धरलेलं. पोरगी वायर लावलेलं यंत्र मांडीवर घेऊन, वर पांघरूण ओढून खेळत होती.

मी विचारलं, “अगं, गरम लागलं तेव्हा टाकलं का नाहीस?”

ती म्हणाली, “आजी आतून बोलत होती ना, पुन्हा बघ बाळा. म्हणून मी पुन्हा बघत होते.”

सहा वर्षांची आहे ती.

सीतालक्ष्मीनं मला बाहेर ओढलं. म्हणाली, “विमलाक्का, ऊर्मीला सांगू नको. तिचं नाव खराब होईल. गरम दूध सांडलं असं मी हिच्या आईला सांगितलंय.” तिनं कोरफड लावली होती. डॉक्टरकडे मी नेलं, दूध सांडलं म्हणूनच नेलं. डॉक्टर म्हणाले डाग राहील बहुतेक. बघ, आम्ही दोघी म्हाताऱ्या, तुझं चांगलं करायला बसलो होतो.

काल मी वसंतरावांकडे गेले, पोस्टातून रिटायर झालेले, मंडळाचे खजिनदार. त्यांच्या नातवाकडे एक यंत्र आहे. मी आडून आडून विचारलं, तर म्हणतात कसे, “वहिनी, तापतं हो, चांगलंच तापतं. आम्ही स्टीलच्या ताटात ठेवतो, पापड भाजेल एखादा.” आणि हसले. मी म्हटलं, मग कागदावर काय लिहिलंत? ते म्हणाले, “हसरा. आपल्या मंडळातली मुलगी, पहिलं एवढं मोठं काम, वाईट कोण लिहील?”

दहातली तीन मला माहीत झाली. बाकी सात घरी जायचा धीर झाला नाही.

तू हुशार आहेस, मला तुझ्या कामातलं काही कळत नाही. तुमच्या मशीनवर तुम्ही तपासलं असेल, टेबलावर ठेवून. एक मात्र मला कळतं. टेबलावर ठेवा असं कागदात लिहून काय उपयोग? वाचता येत असतं तर त्या पोरांना तुझं यंत्र कशाला लागलं असतं? आणि ही यंत्रं ज्यांच्याकडे जाणार ती वसतिगृहातली पोरं, त्यांना टेबल कुठलं. खाली चटई, वर चादर, आणि खेळणं चादरीच्या आत. मी लहान असते तर मीही तेच केलं असतं. सत्तरीला तेच केलं.

दोन हजार यंत्रं आहेत म्हणालीस. सोमवारी शाळा उघडते.

ऊर्मी, गाड्या सोडू नको.

बारा वाजून गेले

तुमचा ड्रायव्हर सुंदर तुझे धुतलेले कपडे न्यायला एक वाजता कंपनीची व्हॅन घेऊन येणार, त्याच्याबरोबर हे पत्र द्यायचं असं ठरवून मी लिहायला बसले होते. आता घडी करताना भीती वाटते. तो ते तुझ्या टेबलावर ठेवील, वर कोणी फाइल ठेवील, आणि तू पाचनंतर मोकळी.

मीच येते.

दोन, गाडीत

अक्षर आता गाडीमुळे वाकडं आहे.

सुंदरनं आधी नाहीच म्हटलं. “पाट्टी, बाहेरच्या माणसाला बसवलं तर माझी नोकरी जाईल.” मी म्हटलं, “मी बाहेरची कशी? खोक्यावर माझं चित्र आहे.” तो म्हणाला चित्राला पास लागत नाही, तुम्हाला लागतो. मग माझ्या पिशवीतून यंत्र आणि ती चादर काढून मी त्याला दाखवली. त्याचीही पोरगी पहिलीत आहे, तिच्यासाठी एक मागायचं त्याच्या मनात होतं. त्यानं चादरीचं ते तपकिरी बघितलं आणि मागचं दार उघडलं. पूनमल्लीला आम्ही अर्धा तास अडकलो. तो सारखा घड्याळ बघतोय, आणि मी त्याच्याकडे.

रंजनीचं यंत्रही आणलंय. सीतालक्ष्मी देईना. “तू तुझ्या नातीचं नुकसान करायला निघालीस,” म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या नातीचं झालंय ते काय आहे? मग ती आत गेली आणि यंत्र आणून माझ्या पिशवीत टाकलं, माझ्याकडे न बघता. आमचं बोलणं आता किती दिवस बंद राहील कोण जाणे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

गाडीत बसून मी सारखा विचार करतेय की तुझं काय होईल. तुझी ती आठ माणसं, तो दाढीवाला, ती सगळी रविवारी आपल्या घरी जमिनीवर बसून थालीपीठ खायची आणि यंत्राशी भांडायची. दोन वर्षांचं तुझं काम. कदाचित आज जाईल. जाईल असंच मला वाटतं, खोटा धीर मी तुला देत नाही, या आठवड्यात पुष्कळ खोटं झालं. पण रविवारी मी खरी खूण केली असती तर तुला पाच दिवस मिळाले असते. आता तीन तास आहेत. ते पाच दिवस मी खाल्ले. त्याला तू जबाबदार नाहीस, तुझी माणसं नाहीत, वेंकट सर नाहीत. हे मी त्यांच्यासमोर म्हणीन, तमिळमध्ये म्हणीन, म्हणजे त्यांना नीट कळेल.

सव्वातीन, कारखान्याच्या गेटवर

वॉचमन आत सोडत नाही. पास नाही. त्यानं खुर्ची दिली आहे, पाणी दिलं आहे, माणूस चांगला आहे. आत पत्र्याच्या शेडखाली तीन लाल ट्रक दिसतात, एकात खोकी चढवतायत. सुंदर हे पत्र धावत घेऊन येईल, तुझ्याच हातात देईल, दुसऱ्या कोणाच्या नाही, तशी शपथ मी त्याला घातली आहे.

समोर आले असते तर मी हे बोललेच नसते. तुझं तोंड बघितलं असतं आणि जेवलीस का एवढंच विचारलं असतं. म्हणून आधी हे वाच. मग ट्रक थांबव. मग माझ्याकडे ये, किंवा येऊ नको, रागावली असशील तर रागव. मी इथेच बसते. दोन्ही यंत्रं आणि चादर माझ्या मांडीवर आहेत, कोणाला पाठव, देते. हातावरची पट्टीही सोडून ठेवलीय, साहेबांना फोड बघायचा असेल तर.

तुला पत्र लिहिताना मी खाली नुसतं ‘तुझी आजी’ लिहिते. पण हा कागद आता तुझ्या एकटीचा राहणार नाही, पुढे दाखवावा लागेल, आणि त्यांना नाव लागेल. सगळं नाव लिहिते. जोडाक्षर एकच आहे, ते नीट आलंय.

विमला बाळकृष्ण तासगावकर