कापसाच्या खोलीतला कॅमेरा

प्रिय पुष्पा,

माझी तब्येत बरी आहे. जेवण होतं, झोप होते. कापूस परवा विकला. मलकापूरचा व्यापारी गाडी घेऊन दारात आला, बोंडअळीचा माल म्हणून त्यानं नाक मुरडलं, पण उचलला. खोली रिकामी झाली. भरताना अंगाला खाज सुटली, तेवढंच काय ते जाणवलं.

आपल्या ऑनलाइन केंद्रावर बोंडअळीच्या भरपाईच्या अर्जांची गर्दी आहे. शेजारच्या गावातल्या केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून कोणीतरी शिरलं आणि सगळ्या फायलींना कुलूप घालून गेलं. म्हणून मीही आपल्या कॉम्प्युटरच्या फायरवॉलची सेटिंग उघडून बसलो. तू शिकवलं होतंस: बाहेरून येणारं आधी सगळं बंद, मग लागेल तेवढीच सेवा चालू. कडूबा अर्ज घेऊन ताटकळला होता. म्हणाला, "काऊन हो उत्तमराव, आमाले भायेर बसवून कोनाचे दरवाजे लावून राह्यले?" म्हटलं, "जे दिसत नाहीत त्याइचे." तो हसला. मीही हसलो असेन.

फाइल शेअरिंग बंद केलं. दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय बंद केली. उरला कापसाच्या खोलीतला कॅमेरा, तोही याच कॉम्प्युटरला जोडलेला. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, म्हणून राखणीला तू तो दिवाळीत बसवलास आणि पुण्याहून पाहता यावं म्हणून तेवढी वाट उघडलीस. तुझी आई ढिगाशेजारीच खाट टाकून दुपारची पडायची. कॅमेऱ्याकडे पाहून ओरडायची, "जेवली का वं पोरी?" त्यातून आवाज जात नाही, हे तिला कधी पटलंच नाही. कापूस राहिला बाजूला, तू तिलाच पाहायचीस.

दवाखान्यातून ती परत आली नाही. तेरावं उरकून तू गेलीस, तेव्हापासून तुझा फोन नाही. मीही केला नाही. काय बोलायचं ते सुचत नाही.

काल दुपारी ती खोली झाडत होतो, तर कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा लागला. बाहेरून कोणी पाहत असलं की लागतो तो, आणि ती वाट फक्त तुलाच मोकळी आहे. खाट मी आधीच काढली होती. दिवा बराच वेळ तसाच होता. मी हात वर केला नाही. झाडू धरून उभा राहिलो. आजही त्याच वेळी लागला.

पुष्पा, त्या खोलीत आता कोणी नाही. न सांगता बंद केलं असतं, तर तुला वाटलं असतं बिघडला. फोनवर मला सांगवलं नसतं, म्हणून लिहिलं. पत्र मिळालं की फोन कर, मग ती सेवाही बंद करतो. बोलायला काही नसलं तरी कर. मी नुसता कानाशी धरून बसेन.

तुझाच,
बाबा