पेटी उघडी राहिली

११ नोव्हेंबर, शिरूर कासार

सकाळपासून माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढे ऊसतोडीच्या टोळ्यांची रांग. परवा ट्रॅक्टर निघणार कारखान्याला. दरवर्षीसारखे सगळे कागद स्कॅन करून ठेवायला आलेले. आधार, रेशनकार्ड, पोरांचे दाखले. पाचटाच्या कोपीत कागद टिकत नाही, म्हणून स्कॅन माझ्या लिनक्सच्या मशीनवर राहतात आणि उसाच्या फडातून फोनवर उघडता येतात. लोक त्या मशीनला ‘पेटी’ म्हणतात.

ऐन गर्दीत पेटीनं अपडेट काढले, ऐंशीच्या वर. वर म्हणते, पुन्हा सुरू करा. मुकादम हसला, “रफिकभाऊ, तुमचं मशीन रोजच आजारी हाय का काय? चांगलं असतं तर एवढं औषध कावून लागलं असतं?” सगळी रांग हसली. कान तापले माझे. तिथल्या तिथं अपडेट बंद करून टाकले. दुपारपासून काम सुरळीत. सीझन संपल्यावर बघू.

९ फेब्रुवारी

पेटीतली एकही फाइल उघडत नाही. नावांच्या शेवटी भलतीच अक्षरं. कुणीतरी एक इंग्रजी चिठ्ठी ठेवून गेलंय, फाइली परत हव्या असतील तर इथं संपर्क करा म्हणून. दोनदा वाचली. शटर अर्धं ओढून बसलो. बायको डबा घेऊन आली, “ताप हाय का?” म्हणाली. हो म्हटलं.

१० फेब्रु.

पेटी घेऊन बीडला, इरफानकडे. ती त्यानंच बसवून दिलेली. पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, “अपडेट कवापासून बंद केलते बे?”

“झाले थोडे दिवस.”

तारीख समोर पडद्यावर होती. त्यानं तिच्यावर नुसतं बोट ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यानं समजावलं. हे मशीन म्हणजे एक वस्तू नाही, शेकडो बारक्या प्रोग्रामांची मोट आहे. जो तो कुठल्या तरी देशात बसून आपापला प्रोग्राम तपासतो, चूक सापडली की दुरुस्त करून पाठवतो. सगळ्यांच्या दुरुस्त्या एकाच वाटेनं येतात म्हणून रोजच काहीतरी आल्यासारखं दिसतं. “मशीन खराब हाय म्हणून न्हाई येत बे. कुनीतरी ध्यान देऊन बसलंय म्हणून येतं.” आणि दुरुस्ती आली, की भोक कुठं होतं ते जगजाहीर होतं. ज्यांनी बुजवलं ते सुटले. चोर मग राहिलेल्यांना हुडकत फिरतो. माझं भोक बुजवायचं अपडेट डिसेंबरातच आलं होतं.

बॅकअप मागच्या सालचा. यंदाचं सगळं गेलं. निघताना म्हणाला, “चोर फाइलींना नुसतं कुलूप लावून गेला नसंल, कॉप्या नेल्या असतील. लोकांना सांग. आधारवरचे अंगठे लॉक करायला लाव, न्हाईतर कुनी त्यांच्या खात्यातनं पैसे काढील.”

११ फेब्रु.

फडातून टोळीतल्या चंद्रकला मावशीचा फोन. कविता, तिची लेक, इथं मामाकडे राहून बारावी करते. नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. यंदाच काढलेला जातीचा दाखला उंदरांनी कुरतडला. “तेवढा पेटीतला काढून दे बाबा.”

“मावशी, डिस्क जळाली.” तोंडातून निघूनच गेलं.

“अगं बाई. तुला तर काय लागलं न्हाई ना?”



१३ फेब्रु.

आज तिघांना तेच सांगितलं. आता त्या खोट्यात व्होल्टेज वाढल्याचंही आलंय. मुकादम फोनवर माझीच समजूत काढत होता, “हुतं असं, मनाला लावून घेऊ नका.”

डिस्क जळाली म्हटल्यावर अंगठा लॉक करायचं कोण कशाला मनावर घेईल? त्यांचे कागद कुणा परक्याकडे, आणि ते मला धीर देतात. स्वतःच्या नजरेत इतका हलका मी कधी झालो नव्हतो.

१६ फेब्रु.

दोन दिवस तहसीलला. जुन्या पावतीवरून कविताच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळाली, फॉर्म मुदतीत गेला. मावशी म्हणाली, “तू हाईस म्हणून आमचं भागतंय.” इरफानचा मेसेज : सांगितलं का? उत्तर दिलं नाही.

१८ फेब्रु.

पेटी पुसून नव्यानं बसवली. अपडेट चालू. राहून गेलेल्या अपडेटची यादी वाचत बसलो. प्रत्येकाखाली तारीख, नाव, काय चुकलं होतं ते. एकानं लिहिलंय, चूक माझीच होती, दोन वर्षं ध्यानात आली नाही, आता दुरुस्त केली आहे. खाली स्वतःचं नाव. जगानं वाचावं असं लिहिलंय ते. मी इतके दिवस समजत होतो, ज्याचा माल कच्चा तोच सारखी डागडुजी करतो.

२० फेब्रु.

सकाळी दुकान न उघडता मावशीला फोन केला. डिस्क जळाली नव्हती म्हणालो. अपडेट मी बंद केले, चोर शिरला, कागद त्याच्याकडे असतील.

“मंग खोटं कावून बोललास?”

“लाज वाटली.”

“आन आता?”

“आता पण वाटते.”

मग म्हणाली, “थांब. सगळ्यांला बोलावते, फोन मोठा करते. तूच सांग.” तिच्या हाका ऐकू आल्या. कोयत्यांचे आवाज एकेक करून थांबले.

“बोल,” म्हणाली.

सगळं सांगितलं. अंगठा कसा लॉक करायचा तेही दोनदा. पलीकडे कोयते पुन्हा सुरू झाले. फोन मात्र कुणी ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.