काठावरच्या गाठी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. पूर ओसरला. घर कोरडं आहे आणि मीही धड आहे. नदीकाठी आम्ही स्वयंसेवकांनी लावलेली वाळुंजाची रोपं मात्र बहुतेकांची वाहून गेली. माझ्या पट्ट्यातली तेवढी उभी आहेत. प्रत्येक रोप मी काठीला नायलॉनच्या दोरीने दुहेरी आवळलं होतं. आमच्या गटाचे म्होरके माळीकाका म्हणाले होते, गाठ सैल ठेवा. मी ऐकलं नाही आणि बरंच झालं.

गेल्या वर्षी इथेच काठ ढासळला आणि ह्यांचा हात माझ्या हातातून सुटला, हे तुला नव्याने काय सांगू. मुळांनी माती धरली की हा काठ पुन्हा कुणाच्या पायाखालून जायचा नाही. तोवर मी तुझ्याकडे राहायला येणार नाही, तेव्हा तो विषय पुरे.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई

५ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

झाडं वाचली हे वाचून हायसं वाटलं, पण दुहेरी दोरी वाचून माझंच डोकं दुखलं. शाळेत जाताना तू माझ्या वेण्या इतक्या करकचून घालायचीस की दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या आणि बाई विचारायच्या, एवढं कसलं आश्चर्य वाटतंय. झाडांना तरी जरा मोकळं सोड.

मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, खिडकीला पडदाही लावला. तू एकटी रोज त्या काठावर जातेस या विचाराने घास गिळवत नाही. हवं तर रागाव, पण ये.

लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस, अ. आ.

मध्यंतरी तुझी पत्रं आली, पण लिहायला हात उचलला गेला नाही. माझी झाडं गेली. पालवी फुटलीच नाही. माळीकाकांनी खाली बसून दाखवलं. खोड जाड होत गेलं तशी दोरी सालीत रुतत गेली, आणि मी पाणी घालत राहिले, गाठीकडे पाहिलंच नाही. पुराने सोडली ती मी मारली. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते दोऱ्या कापत राहिले आणि म्हणाले, घरी जाऊन जरा पडा.

नवी रोपं आली आहेत. पट्टा माझ्याकडेच ठेवलाय. सैल गाठ मारायची असं ठरवून बसते, पण दोरी ढिली सोडली की ह्यांची बोटं निसटल्यासारखी वाटतात आणि हात पुन्हा आवळतो. काका मागून येऊन सगळ्या गाठी सैल करतात. त्यांना वाटतं, मला कळत नाही.

मी काही तिकडे येत नाही. तूच ये थोडे दिवस. तुझ्या बुटांच्या नाड्या शाळेच्या फाटकापर्यंतही टिकायच्या नाहीत, त्यापायी माझी किती बोलणी खाल्लीस. तशाच गाठी इथे हव्या आहेत. पाणी मी घालीन, गाठी तू मार.

वाट पाहते.

तुझी ताई