लाल ठिपका हलतो

पिस्कॅटवे, १ ऑक्टोबर १९८७, खंडेनवमी

गेल्या महिन्यात चोरांनी घर फोडलं, म्हणून शॉटगन घेतली. आज तिच्यावर नेमाचा लेझर बसवायला माउंट आणला. ॲल्युमिनियमचा नको, जाड स्टीलचाच. धक्क्याने सैल होणार नाही, असं दुकानदार म्हणाला. मग नेम धरला की भिंतीवरचा लाल ठिपका का हलतो? तीनदा स्क्रू आवळले. तरी हलतोच. आणि मी म्हणे डिझाइन इंजिनियर!

सुधाने पूजेसाठी माझा स्लाइड रूल, पाने, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडले होते. "अहो, बंदूकही ठेवा, शस्त्रच आहे," म्हणाली. रिकामी होती, ठेवली. लेझर चालूच राहिला होता.

भिंतीवर ठिपका अगदी स्थिर.

सुधाने ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि बंदुकीला हळदकुंकू वाहिलं.

माउंट घट्टच आहे. या हातांचं काय करू?